परत आलेला माल



१९३० नंतरची पहिली दोन-तीन वर्षं जपानच्या क्युशू बेटावर, कुरुमे नावाच्या गावात, एका कारखान्याच्या आवारात टायरांचे डोंगर उभे राहत होते. हा विकायला काढलेला माल नव्हता, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला होता. एखाद्याचा थर सुटलेला, एखाद्याला फुगा आलेला, एखाद्याची वरची नक्षीच उखडून गेलेली. मालकाने जाहीर करून ठेवलं होतं की आमचा टायर खराब निघाला तर दुसरा देऊ, पैसे घेणार नाही. लोकांनी तो शब्द पुरेपूर वसूल केला. पहिल्या तीन वर्षांत सुमारे एक लाख टायर परत आले. पार गोटा झालेला टायर घेऊन येणारे आणि नवा मागणारे महाभागही त्यात होते, असं सांगतात. ते असणारच, गिऱ्हाईक सगळ्या देशांत सारखंच असतं.

तो कारखाना ब्रिजस्टोन कंपनीचा. आज तिचं मुख्य कार्यालय टोकियोच्या क्योबाशी भागात आहे, वर्षाची विक्री ४ लाख कोटी येनच्या पुढे आहे, कामगार-कर्मचारी सव्वा लाखाच्या आसपास. जगातला सर्वांत मोठा टायरवाला कोण, यावर तिची आणि फ्रान्सच्या मिशेलॅंची गेली कित्येक वर्षं चढाओढ चालू आहे. पण हे आकडे कंपनीच्या वार्षिक अहवालात कुणालाही सापडतील. मला तिच्या इतिहासातली दुसरीच एक गोष्ट खुणावते. आपला बिघडलेला माल पुढ्यात येऊन पडला की कंपनी काय करते? हा प्रश्न ब्रिजस्टोनला पुन्हा पुन्हा पडला आणि दर वेळी तिने सारखं उत्तर दिलं नाही. आज त्या उत्तरांबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात टायरपासून होत नाही, मोज्यापासून होते. कुरुमे हे चिकुगो नदीकाठचं गाव निळीत रंगवलेल्या कसुरी कापडासाठी प्रसिद्ध होतं. आपल्याकडच्या इकतसारखं आधी सूत बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, असं ते कापड. कापडाच्या गावात शिवणारे असणारच. इशिबाशी कुटुंबाचं तिथे ‘शिमाया’ नावाचं शिवणकामाचं दुकान होतं. कपडे शिवायचे, आणि ताबीही शिवायच्या. ताबी म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र असा जपानी कापडी मोजा. शोजिरो इशिबाशी यांचा जन्म १८८९चा. व्यापारी शाळा संपवून पुढे शिकायची त्यांची इच्छा होती, पण १९०६ साली वडिलांनी दुकान दोन्ही मुलांच्या हाती सोपवलं. थोरल्या भावाला लवकरच लष्करी सेवेत जावं लागलं आणि सतरा-अठरा वर्षांच्या शोजिरोवर सगळा भार येऊन पडला.

या मुलाने पहिलं काम केलं ते दुकानाची पाटी लहान करण्याचं. दहा प्रकारचं शिवण बंद, फक्त ताबी शिवायच्या. दुसरं काम मात्र घरात भांडण लावणारं होतं. दुकानात शिकाऊ पोरं असत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांना पगार नसे. मालकाच्या घरी दोन वेळचं जेवण, अंगावर कपडे, राहायला जागा आणि बदल्यात रात्रीपर्यंत काम. इशिबाशींनी या मुलांना रोख पगार सुरू केला आणि कामाचे तास कमी केले. वडील भडकले. धंद्याचं दिवाळं काढशील, असा त्यांचा सूर होता. मुलगा बधला नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण अमेरिकेतल्या एका टायर कारखान्यापाशी पोचल्यावर तो मला पुन्हा काढावा लागेल.

१९१२ साली इशिबाशी टोकियोला गेले, तिथे आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले आणि मोटार विकत घेऊनच परतले. स्टुडबेकर कंपनीची ती गाडी क्युशू बेटावरची पहिली मोटार होती असं म्हणतात. ती सजवून, निशाणं लावून ताबीच्या जाहिरातीसाठी गावोगाव फिरवली. लोक मोटार बघायला धावत आणि ताबीचं नाव वाचून घरी जात. जाहिरातीचं हे शास्त्र आपल्याला नाटक कंपन्यांच्या आणि सर्कशीच्या गाड्यांमुळे ठाऊक आहेच. मला त्याहून मोठी वाटते ती टोकियोत त्यांना सुचलेली दुसरी गोष्ट. तिथल्या ट्रामला कुठेही उतरा, भाडं एकच. ताबीचा भाव तेव्हा मापागणिक, प्रतीगणिक बदलायचा. दुकानदार वैतागायचा, गिऱ्हाईक गोंधळायचं, आणि हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाची तर कंबरच मोडायची. १९१४ साली इशिबाशींनी सगळ्या मापांच्या ताबी एका भावात काढल्या. कुठलीही जोडी २० सेन, म्हणजे येनचा पाचवा हिस्सा. माल धडाधड खपू लागला. १९१८ साली धंद्याची रीतसर कंपनी झाली, निप्पॉन ताबी.

आता खरं वळण येतं. जपानचा मजूर तेव्हा पायात काय घालत होता? गवताच्या विणलेल्या चपला. शेतकरी, हमाल, बांधकामावरचा मजूर, खाणकामगार, सगळ्यांच्या पायात त्याच. जड कामावर अशी जोडी दिवसभरात विरून जाई. ओल्या दगडावर घसरे, खिळा सरळ पायात जाई, आणि रोजच्या मजुरीतला एक तुकडा रोज चपलेवर जाई. अमेरिकन टेनिसच्या बुटाला रबराचा तळ असतो, हे जपानी कारखानदारांनी पाहिलेलं होतं. ताबीला तसा तळ लावायचा प्रयोग कुरुमेत आणि इतरत्रही चालू होता. पण तो शिवून लावला की जमिनीला घासून आधी दोरा तुटे आणि तळ लोंबू लागे. इशिबाशींच्या माणसांनी तो रबराच्याच द्रवाने चिकटवला आणि भट्टीत पक्का केला. १९२३च्या सुरुवातीला ही जिकाताबी बाजारात आली. अंगठा वेगळा असल्याने शिडीवर पाय घट्ट बसतो, तळ रबरी असल्याने घसरत नाही, आणि जोडी महिनोन्महिने टिकते. क्युशूच्या कोळसा खाणींत ती बघता बघता पसरली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला टोकियो-योकोहामा भागात प्रचंड भूकंप झाला. जळून-पडून गेलेलं शहर पुन्हा उभं करायला जे हजारो मजूर लागले, त्यांच्या पायांत जिकाताबी चढल्या. जपानमध्ये आजही बांधकामावरचा सुतार किंवा परांचीवर चढणारा गडी ती घालताना दिसतो.

टायर धंद्याच्या इतिहासकारांना हा जिकाताबीचा काळ नुसता मजेदार किस्सा वाटतो. ‘मोज्यांतून टायर’ असं शीर्षक द्यायचं आणि पुढे जायचं. मला ते पटत नाही. टायर म्हणजे शेवटी काय? सुती, नायलॉन किंवा पोलादी धाग्यांचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं रबर. टाके न घालता, नुसत्या चिकटपणावर एकत्र राहिलेली गोधडी म्हणा हवं तर. कापड आणि रबर ही मुळात एकमेकांशी फटकून वागणारी जात. त्यांना एकत्र बांधायचं, आणि हजारो वेळा वाकल्यावरही सुटू द्यायचं नाही, हीच टायरची सगळी विद्या. ती विद्या कुरुमेने मजुराच्या तळव्यावर शिकायला घेतली होती.

शिकायला घेतली, पुरी शिकली नव्हती. भूकंपात टोकियोची ट्रामसेवा कोलमडली, तेव्हा महानगरपालिकेने फोर्डचे शेकडो सांगाडे मागवून त्यांवर बस बांधल्या. १९२५ साली फोर्डने योकोहामात आणि १९२७ साली जनरल मोटर्सने ओसाकात मोटारी जोडायला सुरुवात केली. मोटारी वाढणार, म्हणजे टायर लागणार. डनलॉपचा कारखाना कोबेत १९०९पासून होता आणि योकोहामा रबर ही कंपनी अमेरिकन गुडरिचच्या भागीदारीत उभी होती. निव्वळ जपानी भांडवलाचा आणि जपानी तंत्राचा मोटारटायर मात्र नव्हता. इशिबाशींनी तो करायचं ठरवलं. घरातून विरोध झाला, थोरल्या भावाचाही. क्युशू विद्यापीठातल्या रबरतज्ज्ञ प्राध्यापकांनी सांगितलं की संशोधनावर लाखो येन पाण्यात घालायची तयारी असेल तरच या भानगडीत पडा. इशिबाशी म्हणाले, तयारी आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरातून यंत्रं मागवली. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळे त्याच गावचे. टायर धंद्याचं ते तेव्हाचं मुख्य केंद्र. पहिल्या महायुद्धात कुरुमेला जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती, तिथला एक तंत्रज्ञ जपानातच राहिला आणि इशिबाशींच्या कारखान्यात कामाला लागला. असे सगळीकडून तुकडे गोळा करत ९ एप्रिल १९३० रोजी पहिला टायर निघाला. १ मार्च १९३१ रोजी कंपनी नोंदवली गेली. इशिबाशी या आडनावाचा अर्थ दगडी पूल; तो इंग्रजीत उलटा फिरवून ब्रिजस्टोन केलं, निर्यातीला बरं म्हणून. फायरस्टोनशी साम्य आहे, हेही तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

आणि मग ते डोंगर. ताबीचा तळ माणसाच्या वजनाखाली वाकतो. टायर टनावारी ओझ्याखाली मिनिटाला शेकडो वेळा वाकतो, आणि प्रत्येक वाकण्यागणिक आत उष्णता साठते. त्या उष्णतेने सुताच्या धाग्यावरची रबराची पकड सुटते. आधी कुठेतरी आत एक पोकळी पडते, ती वरून दिसत नाही. मग फुगा, मग एक दिवस अख्खा पट्टाच्या पट्टा निघून येतो. कुरुमेचे टायर असे फुटत होते. विदेशी टायरपेक्षा भाव कमी ठेवला होता, वर फुकट बदलून द्यायची हमी. म्हणजे तोट्यावर तोटा. तो भरून कुठून निघत होता? जिकाताबीतून. खाणकामगाराच्या पायातल्या जोडीने तीन वर्षं टायरचं शिक्षण पोसलं, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

पण त्या ढिगांचा एक फायदा होता, जो पैशांत मोजता येत नव्हता. परत आलेला प्रत्येक टायर फाडून बघता येत होता. कुठे सुटला, कोणत्या थरात, धाग्याचा पीळ कसा होता, रबर किती शिजलं होतं. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं घालवून मिळाले नसते इतके नमुने देशभरच्या रस्त्यांनी घासून, तापवून, फोडून कुरुमेला पाठवले होते. सदोष माल परत घेणं ही सज्जनपणाची गोष्ट आहेच. इशिबाशींच्या बाबतीत ती शिकण्याची फीसुद्धा होती. १९३२ साली फोर्डच्या जपानी शाखेने कसोट्या घेऊन ब्रिजस्टोनचा टायर मान्य केला.

युद्धाचा काळ मी लांबवणार नाही, पण झाकणारही नाही. टायर हा लष्करी माल असतो आणि ब्रिजस्टोन जपानी लष्कराची पुरवठादार होती. इंग्रजी शब्दांवर गदा आली तेव्हा १९४२मध्ये नावही बदलून निप्पॉन टायर झालं. जुनं नाव परत मिळायला १९५१ उजाडलं. चीन, कोरिया, तैवानमध्ये कंपनीने जे कारखाने काढले होते ते साम्राज्याच्या आधाराने काढले होते आणि साम्राज्याबरोबर गेले. टोकियोचं कार्यालय बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं.

या काळातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९४२ साली जावा बेट जपानच्या ताब्यात गेलं. तिथे बोगोरला गुडइयरचा टायर कारखाना होता, तो चालवायची जबाबदारी लष्कराने ब्रिजस्टोनवर टाकली. शत्रूचा जप्त केलेला कारखाना! अशा ठिकाणी काय होतं ते जगाला माहीत आहे. यंत्रं उचलून नेतात, जाताना उरलेलं फोडतात. इशिबाशींनी तिकडे निघालेल्या आपल्या माणसांना बजावलं होतं की कारखाना नीट सांभाळा, आणि तसा प्रसंग आला तर चांगल्या स्थितीत मूळ मालकाच्या हाती द्या. युद्ध संपलं तेव्हा गुडइयरला आपला कारखाना चालू स्थितीत परत मिळाला. पुढे गुडइयरचे प्रमुख पॉल लिचफील्ड जपानला आले, बोलणी झाली आणि १९५१ साली दोन्ही कंपन्यांत तांत्रिक सहकार्याचा करार झाला. ब्रिजस्टोनच्या कारखान्यांत गुडइयरचे टायरही बनू लागले आणि बदल्यात अमेरिकन तंत्र मिळालं. सुती धाग्याऐवजी रेयॉनचा धागा आला, १९५९ साली नायलॉन आला. १९५३पर्यंत ब्रिजस्टोन जपानची पहिल्या क्रमांकाची टायर कंपनी झाली होती. यात व्यवहार किती आणि नीती किती, असा वाद घालता येईल. मला वाटतं, हा वाद इशिबाशींनाच कळला नसता. परत देण्याची वेळ येणार हे गृहीत धरून वस्तू वापरायची, ही दुकानदाराच्या घरातली शिकवण होती.

त्यानंतरचा चढता आलेख तुम्हाला कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात मिळेल, तेव्हा भराभर सांगतो. १९६१ साली समभाग बाजारात आले, १९६३ साली मुलगा कान्इचिरो अध्यक्ष झाला, १९६८ साली गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं. शोजिरोंनी सायकली काढल्या, प्रिन्स मोटार कंपनीचं अध्यक्षपद भूषवलं, फ्रेंच चित्रं जमवून १९५२ साली टोकियोत संग्रहालय उघडलं, व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात जपानचं दालन स्वखर्चाने बांधून दिलं. एक मुलगी हातोयामा घराण्यात दिली. तिचा मुलगा युकिओ २००९ साली जपानचा पंतप्रधान झाला. १९७६ साली शोजिरो वारले.

आता ॲक्रनकडे वळू, कारण पुढची गोष्ट फायरस्टोनची आहे. हार्वी फायरस्टोन यांनी १९०० साली काढलेली ही कंपनी, हेन्री फोर्ड यांची जुनी दोस्त. इतकी जवळची, की दोन्ही घराण्यांत पुढे सोयरीक झाली. फोर्ड कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष बिल फोर्ड हे दोघांचेही पणतू आहेत. मुंबईकरांनाही हे नाव नवं नाही. शिवडीला फायरस्टोनचा टायर कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून होता. पुढे तो बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाला, मग मोदीस्टोन झाला आणि शेवटी बंद पडला. सभागृहात वकील मंडळी असतील तर ‘बॉम्बे टायर’ म्हटल्याबरोबर त्यांना कारखाना आठवणार नाही, उत्पादन शुल्क कशावर आकारायचं याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८३चा निकाल आठवेल. कामगार गेले, यंत्रं गेली, खटला तेवढा अजून उद्धृत होतो.

फायरस्टोनची आणखी एक मालमत्ता आफ्रिकेत होती. १९२६ साली तिने लायबेरिया सरकारकडून १० लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळवली, एकरी ६ सेंट भाड्याने. तिथल्या हारबेलच्या मळ्यात मजूर रबराच्या चिकाच्या बादल्या खांद्यावरून वाहत आले आहेत, आणि त्यांच्या मजुरीबद्दल, मुलांना कामाला जुंपलं जाण्याबद्दल अमेरिकन न्यायालयांत खटले झाले आहेत. कुरुमेच्या दुकानातल्या बिनपगारी पोरांना पगार देणाऱ्याची कंपनी पुढे या मळ्याची मालक झाली. मोठी खरेदी केली की भूतकाळही विकत येतो.

ही खरेदी झाली १९८८ साली. अमेरिकेत पाय रोवायला ब्रिजस्टोनने आधी १९८३ मध्ये टेनेसी राज्यातला लाव्हर्न इथला फायरस्टोनचा एक कारखाना घेतला होता. मग इटलीची पिरेली कंपनी अख्खी फायरस्टोन घ्यायला निघाली, तेव्हा ब्रिजस्टोनने तिच्या वर बोली लावून २६० कोटी डॉलरला सगळीच घेतली. किंमत फार झाली, असं तेव्हाच बरेच जण म्हणाले. त्यांचं लक्ष ताळेबंदावर होतं. मी असतो तर दुसराच कागद काढला असता. फायरस्टोनने १९७८ साली ‘५००’ या नावाचे पोलादी पट्ट्याचे रेडियल टायर परत बोलावले होते, सुमारे १ कोटी ४५ लाख. तोवरची ती सर्वांत मोठी माघार. आणि ती कंपनीने राजीखुशीने घेतलेली नव्हती, सरकारी चौकशीच्या रेट्याखाली घेतलेली होती. दोष काय होता? पोलादाच्या तारेवरून रबर सुटत होतं. तार रबराला धरून राहावी म्हणून तिला पितळेचा मुलामा देतात. रबरातल्या गंधकाशी त्या मुलाम्याची गाठ बसते. ती गाठ ओलाव्याने आणि उष्णतेने सैल होत होती. म्हणजे कुरुमेच्या आवारातलाच जुना रोग, फक्त सुताच्या जागी पोलाद.

रोग ओळखीचा असूनही २०००मध्ये तो पुन्हा उफाळला. फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले फायरस्टोनचे टायर भर वेगात, उन्हाळ्याच्या दिवसांत फुटत होते. वरचा पट्टा सोलून निघायचा, गाडी उलटायची. व्हेनेझुएलातून, आखातातून तक्रारी आधीच आल्या होत्या. फोर्डने १९९९ साली सौदी अरेबियात टायर बदलूनही दिले होते. अमेरिकेत मात्र ह्यूस्टनच्या एका टीव्ही वाहिनीने २०००च्या फेब्रुवारीत बातमी दाखवेपर्यंत सगळं दबलेलं होतं. ९ ऑगस्टला कंपनीने ६५ लाख टायर परत बोलावले. अमेरिकी सरकारने या अपघातांशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा अखेर २७१वर गेला.

सप्टेंबरमध्ये अमेरिकी शाखेचे प्रमुख मासातोशी ओनो संसदेच्या समितीसमोर बसले आणि त्यांनी माफी मागितली. जपानी रिवाजात ते योग्यच होतं. पण माफीनंतर ठाम असं काही आलं नाही. आलं ते भांडण. फायरस्टोन म्हणे, फोर्डने टायरमध्ये हवा २६ पौंड भरायला सांगितली, आमचा सल्ला ३०चा होता. कमी हवेत टायर जास्त वाकतो आणि तापतो, शिवाय ती गाडीच उलटणारी आहे. फोर्ड म्हणे, त्याच गाडीवर दुसऱ्या कंपनीचे टायर फुटत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग? ओनो गेले, काही महिन्यांत टोकियोतल्या अध्यक्षांनीही पद सोडलं, आणि मे २००१मध्ये फायरस्टोनने फोर्डशी असलेला जवळपास शंभर वर्षांचा संबंध तोडला.

खराब टायरांपैकी बरेचसे इलिनॉय राज्यातल्या डिकेटर कारखान्यात बनलेले निघाले. तिथे १९९४मध्ये काय घडलं ते पाहा. नव्या जपानी मालकाने बारा-बारा तासांच्या फिरत्या पाळ्या आणि पगारातली कपात मागितली. कामगार संपावर गेले. कंपनीने बदली माणसं भरून यंत्रं चालू ठेवली. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे एकेका टायरच्या उत्पादनाची तारीख आणि नंतरच्या दाव्यांची नोंद ताडून पाहिली. २००४ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की डिकेटरचे दोषी टायर ठरावीक काळात दाटीने सापडतात: कंपनीने सवलती मागितल्या त्या सुमारास, आणि संपावरून परतलेले कामगार बदली कामगारांच्या शेजारी उभं राहून काम करत होते तेव्हा. नुसत्या अननुभवी हातांनी हे झालं असं म्हणता येत नाही, कारण नुसते बदली कामगार असतानाच्या काळात दोष तितके नव्हते. टायर अजूनही मोठ्या प्रमाणात हाताने रचला जातो. थर नीट बसला की नाही, मध्ये हवा राहिली का, हे पाहणारा माणूस मालकावर चिडलेला असेल तर यंत्र त्याची भरपाई करू शकत नाही. म्हणून मी तुम्हाला ती शिकाऊ पोरं लक्षात ठेवायला सांगितलं. वडिलांना वाटत होतं पोराला हिशेब कळत नाही. सतराव्या वर्षी शोजिरोंना जो हिशेब कळला होता तो त्यांच्या वारसांनी डिकेटरमध्ये चुकवला. तो कारखाना २००१ साली बंद झाला.

एक्सप्लोरर प्रकरणातून अमेरिकेत कायदा झाला. परदेशातल्या तक्रारी आणि तिथे बोलावलेला माल, दोन्ही सरकारला कळवणं बंधनकारक झालं, आणि टायरची हवा उतरली तर चालकाला कळेल अशी सोय गाड्यांत आली. आपल्या नव्या मोटारींत समोरच्या पट्टीवर उद्गारचिन्हाचा जो पिवळा दिवा लागतो, त्याचा माग काढत गेलात तर त्या अपघातांपर्यंत पोचाल.

आता आपल्या दाराशी येऊ. ब्रिजस्टोन भारतात आली १९९६च्या सुमारास, एसीसी या सिमेंट कंपनीच्या भागीदारीत. कारखाना मध्य प्रदेशात पीथमपूरजवळ खेडा इथे. दुसरा कारखाना पुण्याजवळ चाकणला, २०१३ पासून. मोटारींच्या मोठ्या कारखान्यांच्या पंगतीत तो उभा आहे. जगभर मात्र पंगती हलत असतात: ज्या लाव्हर्नच्या कारखान्यातून ब्रिजस्टोन अमेरिकेत शिरली होती, तो तिने २०२५मध्ये बंद केला.

चाकणच्या रस्त्यावर जो मालवाहू ट्रक तुम्हाला आडवा येतो त्याचे टायर एकदा झिजले म्हणून फेकले जात नाहीत. सांगाडा धड असेल तर त्यावर नवं रबर चढवतात. आपले चालक त्याला रिमोल्ड म्हणतात. हा धंदा रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्येही चालतो आणि जागतिक कंपन्यांतही. ब्रिजस्टोनने २००७ साली अमेरिकेची बॅंडॅग ही टायरवर पुन्हा नक्षी चढवणारी मोठी कंपनी शंभर कोटी डॉलरच्या वर मोजून घेतली. नव्या टायरचा विक्रेता जुना टायर जगवण्यात पैसे का घालतो, असं वाटेल. कारण सरळ आहे. ज्याचा सांगाडा दोन-तीनदा चढवता येतो असा टायर बनवायचा, तर धागा आणि रबराची गाठ पहिल्याच दिवशी पक्की लागते. स्वस्त टायरला दुसरा जन्म नसतो.

पण दुसऱ्या-तिसऱ्या जन्मानंतरही तो टायर शेवटी कुठेतरी पडतोच. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये नियम केला की विकलेल्या टायरच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकाची आणि आयातदाराची. प्रत्यक्षात कंपनी टायर गोळा करत नाही. नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं घेते. त्या कारखान्यांतले काही टायर बंद भट्टीत तापवून तेल, काजळी आणि तार वेगळी काढतात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात अशा भट्ट्या आहेत, आणि त्यांच्या धुराबद्दल, स्फोटांबद्दल, आसपासच्या गावांच्या तक्रारींबद्दल तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. तिथे राबणारा मजूर कुठल्या टायर कंपनीच्या हजेरीपटावर नाही. ब्रिजस्टोनच्याही नाही. कायद्याच्या कागदावर टायर मात्र परत गेलेला असतो.